वंशावळीत सात पिढ्या, सगळे पुरुष! इंग्रजी अमदानीतल्या आपल्या नाशिकच्या बायका शोधायच्या तरी कुठे?

निफाडची_लेक
कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हा आमच्या चुलतभावाने गावाकडे वंशावळ काढली. मोठा कार्डशीट घेऊन, पट्टीने चौकटी आखून, सात पिढ्या. मेहनत खरंच मोठी होती. पण बघता बघता लक्षात आलं, की त्या अख्ख्या कागदावर एकही बाई नाही.

माझी पणजी, म्हणजे वडिलांची आजी, 1918 च्या मानमोडीत विधवा झाली. पदरात दोन पोरं, धाकटं अंगावर पिणारं. सात एकर जमीन आणि टपून बसलेले भाऊबंद. तिने ती जमीन राखली, म्हणून आम्ही आज आहोत. वंशावळीत तिच्या नवऱ्याची चौकट आहे आणि तिथून खाली दोन रेघा दोन मुलांकडे जातात. ती त्या रेघांच्या मध्ये कुठेतरी.

वडिलांना विचारलं, "तिचं नाव काय?" ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "थोरली आई म्हणायचे सगळे." नाव त्यांनाही माहीत नाही! माहेर चांदोरीकडचं, एवढंच सांगता आलं. तिचं जातं अजून परसात आहे. वरच्या पाळीत खुंटा बसवायचं भोक एकाच बाजूने इतकं झिजलंय की नवा खुंटा त्यात ठरत नाही.

इंग्रजांच्या काळातलं नाशिक म्हटलं की कलेक्टर जॅक्सन, त्याला गोळ्या घालणारे कान्हेरे, ते घडलं ते विजयानंद थिएटर, झालंच तर नोटांचा छापखाना. या काळातल्या बायकांबद्दल कुणी काही शोधलंय का? आणि माझ्या पणजीसारखीचं नाव तरी सापडू शकतं का? सुरुवात कुठून करू?

मेनरोडकर
येसूवहिनींपासून करा. बाबाराव सावरकरांच्या पत्नी. 1909 साली बाबारावांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्यानंतर या बाईने नाशकात काय दिवस काढले असतील! घरावर पोलिसांची नजर, ओळखीचे लोक रस्ता बदलून जायचे. त्याआधी त्यांनी नाशकातल्या बायकांचा आत्मनिष्ठ युवती संघ काढला होता. 1919 साली त्या गेल्या तेव्हा बाबाराव अंदमानातच होते. नवराबायकोची पुन्हा भेट झालीच नाही. जॅक्सन वधाचा दिवस (21 डिसेंबर 1909) नाशिकच्या पोरासोरांना पाठ असतो, वहिनींचं नाव किती जणांना येतं?

शरणपूर_रोड
कॉर्नेलिया सोराबजी नाशिकची, हे इथे कोणाकोणाला माहीत आहे? जन्म 1866, नाशिकमध्येच. वडील ख्रिस्ती मिशनच्या कामात होते. आई फ्रान्सिना हिने पुढे पुण्यात शाळा काढल्या. कॉर्नेलिया मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर, ऑक्सफर्डात कायदा शिकलेली पहिली बाई. 1892 ला परीक्षा दिली, पण बाई म्हणून पदवी हातात मिळायला 1922 उजाडलं. मधल्या काळात वकिलीची सनद नसताना तिने बंगालकडच्या पडदानशीन विधवांच्या इस्टेटी वाचवल्या. शेकडो जणींच्या. नाशिकमध्ये तिच्या नावाची साधी पाटी माझ्या तरी पाहण्यात नाही.

मेनरोडकर
@शरणपूर_रोड, पण ती इंग्रजधार्जिणी होती हेही सांगा ना. गांधीजींच्या विरोधात उघड बोलायची. अशा बाईची पाटी कशाला?

शरणपूर_रोड
होती. तिची राजकीय मतं मलाही पटत नाहीत. पण इंग्रजी राज्याला मानणारे नाशिकचे रावबहादूर आपण इतिहासात ठेवतो, त्यांच्या नावाचे रस्ते ठेवतो, आणि बाईच्या बाबतीत मात्र आधी निष्ठेचा दाखला मागतो. मला हा दुजाभाव वाटतो.

सातपूर_एमआयडीसी
सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

मोडी_वाचक
मी मोडी लिप्यंतराचं काम करतो, त्यामुळे धागाकर्तीला थेट कामाचं सांगतो. ताई, बाई कागदावर असते. पण ती तीन छोट्या शब्दांच्या मागे उभी असते, आणि ते शब्द ओळखता आले नाहीत तर आपण तिच्यावरून पुढे निघून जातो.

'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, हा सगळ्यांना माहीत असतो. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. समजा, 'सगुणा कोम तुकाराम'. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, त्याच्यापुढे येतं ते नवऱ्याचं नाव. आणि 'बेवा' म्हणजे विधवा. लोक कागद वाचताना आपल्या घराण्यातल्या पुरुषाचं नाव शोधत जातात. ते सापडलं की त्याच्या आधीचे दोन शब्द वाचतच नाहीत! माझ्याकडे येणारे दहातले नऊ जण असेच येतात.

दुसरी अडचण नावाची. लग्नात नाव बदलायची चाल, त्यामुळे माहेरच्या कागदात ती एक आणि सासरच्या कागदात दुसरीच. जन्मनोंदीत कित्येकदा नुसतं 'मुलगी' लिहिलेलं असतं. कुठे नाव असलं तर धोंडी, दगडी, नकुशी.

आणि एक. जुन्या खाजगी कागदांवर खाली निशाण्या बघा. सही न येणारा कुणबी नांगर काढायचा, शिपाईगडी कट्यार. बाईची निशाणी बांगडी. एक छोटं वर्तुळ, शेजारी 'नि. बांगडी' आणि ज्याने लिहिलं त्याचा दस्तुर. नोंदणी झालेल्या दस्तात अंगठा आला, पण घरगुती चिठ्ठीचपाटीत बांगडी पुढेही चालू राहिली.

निफाडची_लेक
अंगावर काटा आला, दादा. आमच्याकडे एक पत्र्याची पेटी आहे कागदांची. कोणी उघडलेली नाही. वाळवी लागेल म्हणून आई दर दिवाळीत नुसती उन्हाला ठेवते.

मोडी_वाचक
उघडा! हळू हाताने. घडीवर तुटत असेल तर जबरदस्ती करू नका, आधी फोटो काढा.

पिंपळगावचे_काका
मी महसूल खात्यात अडतीस वर्षं काढली. पोरी, मानमोडीत नवरा गेला म्हणजे 1918-19. तोवर मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा (1903 चा) येऊन गेला होता, म्हणजे फेरफार हवाच. खातेदार मयत झाला की वारसनोंद व्हायची. मुलं अज्ञान असली की त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहितात, म्हणजे अज्ञान पालन कर्ता. त्यापुढे बहुतेक 'आई' आणि तिचं नाव. आजच्या सातबाऱ्यावरही हेच अक्षर येतं. तुझी पणजी सापडली तर तिथेच सापडेल.

गट नंबर घेऊन जाऊ नकोस, जुना सर्व्हे नंबर काढ. गटवारी नंतर झाली. तालुक्याच्या अभिलेख कक्षात अर्ज कर. त्याआधी घरबसल्या सरकारच्या जुन्या अभिलेखांच्या संकेतस्थळावर बघ, आपल्या नाशिक जिल्ह्याचे बरेच कागद स्कॅन झालेत. आणि गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. त्यात जन्ममृत्यू असतात. 1918 चं पान बघशील तर हात थरथरेल, ओळीमागून ओळ एकच कारण, 'ताप'.

रामकुंड_पंचवटी
काका म्हणतात ते खरं, पण तीर्थोपाध्यायांच्या वह्या विसरू नका. आमच्या घरात त्या आहेत. यजमान आले की गाव, आडनाव, कोण कोण आलं ते लिहून घ्यायची पद्धत. वह्या गावावर आणि घराण्यावर लावलेल्या असतात. पुरुषांची नावं पिढ्यानपिढ्या, हे कबूल. पण बाई स्वतः आली असेल, विशेषतः सिंहस्थात किंवा नवऱ्याच्या अस्थी घेऊन, तर तिचं नाव येतं, कधी कधी तिच्या माहेरासकट. निफाडकडचे उपाध्ये वेगळे असतील, पण विचारा. आडनाव आणि मूळगाव सांगितलं की तासाभरात वही काढतात.

सिन्नर_फाटा
मला एक प्रामाणिक शंका आहे, राग मानू नका. एवढं करून हाती काय लागणार? एक नाव. त्याला इतिहास म्हणता येईल का? येसूवहिनी, सोराबजी यांचं समजतं. घरोघरच्या पणज्या शोधून काळाबद्दल काय नवं कळणार?

कायदा_कानून
@सिन्नर_फाटा, बरंच कळतं. ही पणजी विधवा झाली तेव्हा पंचवीस-तिशीची असेल. कुणब्यांत पाट लावायची, मोहतूर करायची, म्हणजे विधवेने दुसरं लग्न करायची रीत होती. मग हिने पाट का लावला नाही?

1856 चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आपण शाळेत सुधारणेचा टप्पा म्हणून शिकतो. त्याचं दुसरं कलम कोणी शिकवत नाही. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा विधवेचा हक्क संपला. ज्या जातींत पाट आधीपासून चालत होता, त्यांनाही मुंबई हायकोर्टाने हाच नियम लावला. इथे जमीन मुलांची होती, पण ती दुसऱ्या घरी गेली असती तर पोरांचं पालकत्व आणि सात एकरांचा कारभार आपसूक भाऊबंदांकडे. म्हणजे ब्राह्मण विधवेसाठी सुधारणा म्हणून आलेला कायदा कुणब्याच्या बाईला कसा आवळत गेला, हे एका पणजीच्या फेरफारातून दिसतं. गॅझेटियर वाचून ते दिसत नाही.

सिन्नर_फाटा
हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. शंका मागे घेतो. आमच्याही घरात एक अशीच बिनपाटाची आजी होती, तिच्याबद्दल आता वेगळाच विचार करतोय.

चणकापूर
छपन्नच्या (संवत 1956, म्हणजे 1899-1900 च्या) दुष्काळात खडी फोडायच्या कामावर बाईला गड्यापेक्षा कमी मजुरी मिळायची. पोटाची खळगी तेवढीच. थळ घाटातली रेल्वे, दारणा धरण, या सगळ्यांवर डोईवर पाट्या वाहणाऱ्या बायका होत्या. पाटी लिहिली गेली ती इंजिनियरच्या नावाची.

पूर्व_दरवाजा
आतापर्यंतच्या प्रतिसादांत एक मोठी जागा रिकामी आहे, म्हणून लिहिते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह. 2 मार्च 1930 ला सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पहिली तुकडी मंदिराच्या चारी दरवाज्यांवर बसली, त्यात 125 पुरुष आणि 25 स्त्रिया होत्या. बाबासाहेबांचं नाव सगळ्यांना माहीत, दादासाहेब गायकवाडांचं निदान नाशिकला माहीत. त्या पंचवीस जणींची नावं सांगा बघू!

माझ्या आईची आजी त्या काळात सत्याग्रहींना भाकऱ्या पोचवायची. आई सांगायची, की ती पहाटे थापायला बसायची आणि फडक्यात चटणी-कांदा बांधून डोक्यावर टोपलं घेऊन पायी निघायची. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली तेव्हाची एक खूण तिच्या भुवईवर होती. लहानपणी आईने बोट लावून पाहिलेली. याचा कुठला फेरफार? जिच्या नावावर जमीनच नाही ती बाई सातबाऱ्यात कशी सापडणार? काकांचा सल्ला चांगला आहे, पण तो जमीनवाल्यांना उपयोगी. आमच्या बायका तोंडी आठवणीतच आहेत, आणि सांगणारी माणसं निघून चालली.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना बोलतं केलं, ते पुस्तक 1989 ला आलं: 'आम्हीही इतिहास घडवला'. त्यांनी तेव्हा विचारलं नसतं तर आज विचारायला कोणी उरलंच नसतं.

पिंपळगावचे_काका
ताई, बरोबर बोललात. माझ्या नोकरीतली सवय, मला कागदापलीकडे सुचलं नाही. तुमच्या आईंचा आवाज रेकॉर्ड केला आहे का?

पूर्व_दरवाजा
नाही हो काका. आई 2016 ला गेली. मामी आहे, ब्याऐंशीची. या रविवारीच जाते.

मोरवाडी_मावशी
विषय निघालाच आहे तर जात्यावरच्या ओव्यांचंही बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, गाणारणीच्या नावागावासकट. सासुरवास, भाऊ, पंढरी तर आहेच, पण आगगाडी आणि गिरणीही आहे. ज्या बाईला कोणी लिहायला शिकवलं नाही तिचा तो जबाब आहे. निफाडची_लेक, तुमच्या घरात कोणाला थोरल्या आईची एखादी ओवी येते का, ते जरूर विचारा.

अवांतर: लक्ष्मीबाई टिळक आपल्या जलालपूरच्या, जन्म 1868. 'स्मृतिचित्रे' शाळेत धड्यापुरती वाचली असेल तर आता पूर्ण वाचा. त्या काळातल्या नाशिक-त्र्यंबककडच्या घरात चुलीपाशी काय चाललं होतं, ते एवढ्या मोकळेपणाने सांगणारं दुसरं कोणी मला माहीत नाही.

गोळे_कॉलनी
फाळके राहिले की! पहिला चित्रपट मुंबईत झाला, मग दादासाहेबांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशकात आणला. सरस्वतीबाई घरातल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकायच्या आणि रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडायच्या, धुलाई करायच्या. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, ज्या काळात पहिल्या चित्रपटात तारामतीचं काम पुरुषाला करावं लागलं होतं त्या काळात.

मेनरोडकर
हा धागा सिनेमाचा नाही हो.

गोळे_कॉलनी
बाईच्या कामाचा आहे ना? भोकं पाडणं हे कामच आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला नाव येतं ते एकट्या फाळक्यांचं.

देवळाली_कॅम्प
कॅम्पातल्या बायकांबद्दल कोणी बोलत नाही. 1864 चा छावणी कायदा आणि 1868 चा संसर्गजन्य रोगांचा कायदा यांखाली लष्करी छावण्यांतल्या बायकांची नावं नोंदवून त्यांची सक्तीने तपासणी व्हायची, रोग दिसला की डांबून ठेवायचं. गोऱ्या सोल्जराला कोणी तपासत नव्हतं. 1868 चा कायदा 1888 मध्ये रद्द झाला. विचित्र गोष्ट अशी, की ज्या काळात घरंदाज बायका नावाशिवाय गेल्या, त्याच काळात या बायकांची नावं सरकारने व्यवस्थित लिहून ठेवली. नाव सापडणं हे नेहमीच मानाचं असतं असं नाही. मी हे वाचायला लागलो तेव्हा दोन-तीन दिवस जेवण गोड लागलं नाही.

शरणपूर_रोड
@देवळाली_कॅम्प, हे लिहिलंत ते फार बरं केलं.

शरणपूरबद्दलही थोडं सांगतो. 1850च्या दशकात मिशनने ही वसाहत वसवली. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणून ठेवली जायची. आफ्रिकेच्या शोधमोहिमेवर लिव्हिंगस्टनबरोबर गेलेले 'नासिक बॉइज' जगाच्या इतिहासात आहेत. पण मुलीही होत्या! आई-बाप, गाव, भाषा सगळं तुटलेल्या मुली आपल्या नाशकात वाढल्या, मराठी बोलल्या, इथल्याच मुलांशी त्यांची लग्नं लागली आणि 1874 नंतर त्यातल्या कित्येक आजच्या केनियातल्या मोंबासाजवळच्या फ्रेरटाउनला गेल्या. तिकडे या मंडळींना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणायचे. शरणपूर रोडवरून रोज स्कूटरने जाताना मला त्यांची आठवण येते. त्या तिकडे गेल्यावर आपसात मराठीत बोलत असतील का?

चणकापूर
हे मला अजिबात माहीत नव्हतं. चाळीस वर्षं नाशकात राहतोय.

निफाडची_लेक
तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवले. देवळालीचा आणि पूर्व दरवाज्याचा वाचताना ते उठून बाहेर गेले.

काकांच्या सांगण्याप्रमाणे जुना सर्व्हे नंबर शोधला. एका कार्यालयात दोनदा परत पाठवलं, "बाईच्या नावाने शोधून काय करणार, काही दाखला लागतोय का?" असं म्हणत. तिसऱ्या खेपेला तिथल्याच एका ताईंनी स्वतः बस्ता काढून दिला, धूळ झटकून. कोतवाल बुकाचं 1918 चं पान पाण्याने गेलंय. पण 1919 चा फेरफार आहे. मोडीत. पणजोबांचं नाव, 'मयत', मग दोन मुलं, 'अज्ञान', आणि मग अ.पा.क., आई, पुढे एक शब्द, आणि 'बेवा'. तो शब्द मला नीट लागत नाही. फोटो मोडी_वाचक दादांना पाठवला आहे.

पत्र्याची पेटीही उघडली. त्यात एक कर्जरोखा आहे, बैलासाठी घेतलेल्या पैशांचा. मोडीत नाही, बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. खाली छोटं वर्तुळ आणि 'नि. बांगडी'. वडील म्हणतात, तिच्या हातात त्यांनी कधी बांगडी पाहिली नाही. वर्तुळ पुरतं जुळलेलं नाही, जिथे टाक उचलला तिथे शाईचा ठिपका पडलाय. वडिलांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

मोडी_वाचक
फोटो पाहिला. ताई, चार अक्षरी नाव आहे. तिसरं अक्षर तुम्हाला 'ब' वाटतंय, ते 'व' आहे. त्याच लिहिणाऱ्याने वर 'विहीर' लिहिलीय, तिथलं वळण ताडून पाहा. पहिलं 'गो' स्पष्ट आहे. आता चांदोरीच्या कडेने वाहते ती नदी आठवा, म्हणजे वाचता येईल.

निफाडची_लेक
आलं वाचता.

वडिलांना फोन लावला. त्यांनी ते नाव दोनदा मोठ्याने म्हटलं, मग आईला हाक मारून तिलाही म्हणायला लावलं. चुलतभावाला फोटो पाठवला. तो म्हणाला, कार्डशीटवर जागा नाही, नवीन कागद घेतो, या वेळी सगळ्यांच्या आयांसकट. त्याच्या स्वतःच्या आजीचं माहेरचं नाव त्याला येत नाही, ते विचारायला तो आज येवल्याला गेलाय.

आता तिचं माहेर. चांदोरीकडची, एवढंच माहीत. लग्नाआधीचं नाव वेगळं असणार. कोतवाल बुकात नुसतं 'मुलगी' असेल तर ओळखायचं कसं?

पिंपळगावचे_काका
बापाचं नाव लागेल, त्याशिवाय नाही ओळखता यायचं. कर्जरोख्यावर साक्षीदार कोण आहेत बघ. अडल्यावेळी बाई माहेरच्या माणसाला साक्षीला बोलवायची. भाऊ असेल, नाहीतर चुलता.

निफाडची_लेक
काका, दोन साक्षी आहेत! एक आमच्या गावचा. दुसऱ्यापुढे 'मौजे चांदोरी' लिहिलंय.

पिंपळगावचे_काका
मग मिळाला धागा. मी मंगळवारी निफाडला येतोय, अकरा वाजता. तो रोखा प्लास्टिकच्या पाकिटात घालून आण, घडी घालू नकोस.

रामकुंड_पंचवटी
आणि ते साक्षीदाराचं आडनाव मला कळवा. चांदोरीची वही कोणाकडे आहे ते विचारून ठेवतो.